मेंदूच्या अभ्यासाला माणूस हवा

मेंदूचे चित्र काढून घ्यायला कोणी निघाला, की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला : "काय झालंय?" काही झाल्यावाचून शहाणा माणूस यंत्रात जाऊन निजेल, ही कल्पनाच आपल्याला पटत नाही. परंतु मेंदूविषयी आज जे ज्ञान जगाला झाले आहे, त्यातला फार मोठा भाग ज्यांना काहीही झालेले नव्हते अशा माणसांनीच दिला आहे. ते रोगी नव्हते. कोणी आपली दुपार दिली, कोणी दोन दिवस दिले, एवढेच.

तिथे होते तरी काय? एमआरआय नावाचे यंत्र म्हणजे एक प्रचंड लोहचुंबक. त्यात क्ष-किरण नसतात. पाऊणएक तास न हलता निजायचे; यंत्र ठोकाठोकीसारखा मोठा आवाज करते, म्हणून कानांत बोळे देतात. मंगळसूत्र, जोडवी, कानांतली, सारे बाहेर काढून ठेवावे लागते. हृदयाला पेसमेकर बसवलेला असेल किंवा वेल्डिंग करताना लोखंडाचा कण डोळ्यात गेलेला असेल, तर ते आधी सांगितलेच पाहिजे. इथे संकोच जिवावर बेतू शकतो. आत निजलेल्या माणसाला पडद्यावर अक्षरे वा चित्रे दाखवतात. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे ताज्या रक्ताचा ओघ वाढतो, आणि प्राणवायू असलेले रक्त व प्राणवायू सोडलेले रक्त यांचे चुंबकीय गुण वेगळे असतात. हा भेद यंत्राने टिपता येतो, हे सेजी ओगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली दाखवले. आपले विचार मात्र यंत्राला वाचता येत नाहीत. ही भीती मनातून काढून टाकावी.

यंत्रावाचूनही पुष्कळ काम होते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली, १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. त्या मराठी बायकांनी आपले रक्त तपासायला दिले, काय जेवलो ते सांगितले. पुढे त्यांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर त्यांतल्या काहींना साधे खेळ वाटावेत अशा कसोट्या दिल्या : ऐकलेले आकडे उलट क्रमाने म्हणा, विखुरलेले आकडे ओळीने जोडा. गरोदरपणी ज्या मातांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व फार कमी होते, त्यांची मुले एकाग्रतेच्या आणि तात्पुरत्या स्मरणाच्या कसोटीत मागे पडलेली दिसली. २००८ साली हे प्रसिद्ध झाले. एवढ्यावरून कारण सिद्ध झाले असे म्हणता येत नाही. पण प्रश्न कुठे विचारायचा, हे त्या घरांनी दाखवून दिले.

अशी घरे जगात थोडी आहेत. जेफ्री आर्नेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००८ साली हिशेब मांडला, की त्या शास्त्रातल्या सहा प्रमुख नियतकालिकांतील अभ्यासांत ९६ टक्के माणसे अशा देशांतली होती, जिथे जगाची जेमतेम १२ टक्के वस्ती आहे. त्यांतही कॉलेजातली मुले पुष्कळ! मग 'माणसाचा मेंदू असा चालतो' हे वाक्य कोणाविषयी म्हणायचे?

याला एक सुंदर अपवाद लखनौजवळचा. तिथल्या दोन खेड्यांतील तिशीच्या आसपासच्या निरक्षर माणसांना संशोधकांनी सहा महिने देवनागरी वाचायला शिकवले, आपण वाचतो तीच लिपी. शिकण्याआधी व नंतर त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. शिकणारे २१ होते. तुलनेसाठी न शिकवलेले ९. वाचनाने मेंदूच्या वरच्या थरातच काय तो फरक पडत असावा, असे वाटत होते. प्रत्यक्षात खोल भागांचा, थॅलॅमस आणि मेंदूच्या खोडाचा, दृष्टीच्या केंद्राशी ताळमेळ वाढलेला आढळला. २०१७ सालचा हा निष्कर्ष. वयाच्या तिशीत पाटी हाती घेणाऱ्या माणसाचा मेंदू इतका बदलतो, हे कॉलेजातल्या मुलाकडून कधीच कळले नसते.

तथापि बीड जिल्ह्याच्या माणसाला 'तपासणी' हा शब्द ऐकून धास्ती वाटली, तर त्याला अडाणी म्हणू नये. २०१९ साली शासकीय समितीने जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. ते संशोधन नव्हते, उपचार म्हणून केलेल्या शस्त्रक्रिया होत्या. पण समजावून न सांगता घेतलेला अंगठा म्हणजे काय, हे त्या बायकांना कोणी शिकवायला नको.

म्हणूनच नियम ठाऊक असावेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ साली जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांनुसार प्रत्येक अभ्यासाला नीतिसमितीची मान्यता लागते. माहिती आपल्या भाषेत मिळाली पाहिजे. वाचता येत नसेल, तर संशोधकाशी संबंध नसलेला साक्षीदार समोर हवा, मगच अंगठा. प्रवासखर्च आणि बुडालेला रोज मिळावा, पण पैशाच्या मोहाने माणूस ओढला जाईल इतकी रक्कम देऊ नये. आणि ही मुकादमाची उचल नव्हे! उचल घेतली की फिटेपर्यंत सुटका नाही. इथे मधेच उठून जाता येते, कारण सांगावे लागत नाही, आणि त्यापायी दवाखान्यातला उपचार थांबत नाही. एक गोष्ट मात्र आधीच विचारून ठेवावी : चित्रात अनपेक्षित गाठ वगैरे दिसली, तर मला कोण सांगणार, आणि पुढे कुठे पाठवणार?

वडवणीसारख्या तालुक्यात असा अभ्यास करू पाहणाऱ्याला आणखी एक अडचण आहे, आणि तिचा विचार पुस्तकांत सापडत नाही. लखनौचा वर्ग सहा महिने चालला. आपल्याकडचे कोयते दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात, ते परततात उन्हाळा लागल्यावर. ज्यांना अक्षर शिकवून मेंदू पाहायचा, तीच माणसे तेवढे सहा महिने उसाच्या फडात असतात. तेव्हा संशोधकाने आपली टाचणवही गाळपाच्या हंगामाशी जुळवून घ्यावी, आणि पाटीचा वर्ग उन्हाळ्यात, इथेच गावात भरवावा.