विश्लेषण : परदेशात मिळालेला घटस्फोट भारतात ग्राह्य धरला जातो का?

लग्न पुण्यात, संसार न्यू जर्सीत, फ्लॅट हिंजवडीत आणि घटस्फोटाचा अर्ज अमेरिकेतील न्यायालयात. मराठी कुटुंबांना असे चित्र आता नवे राहिलेले नाही. अनेक देशांत घटस्फोट मिळणे तुलनेने सोपे आहे. मात्र तो भारतात मान्य झाला नाही तर तेच दोघे तिकडे घटस्फोटित आणि इकडे पती-पत्नी ठरतात. त्यामुळे घटस्फोट घ्यायचा का, याइतकाच तो कुठे घ्यायचा हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

परदेशात अर्ज कोणाला करता येतो?

त्यासाठी बहुतेक ठिकाणी नागरिकत्व लागत नाही, वास्तव्य लागते. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे. कॅलिफोर्नियात पती-पत्नींपैकी एकाचे राज्यात सहा महिने आणि संबंधित काउंटीत तीन महिने वास्तव्य हवे. इंग्लंड आणि वेल्समध्ये ६ एप्रिल २०२२ पासून जोडीदाराचा दोष सिद्ध करावा लागत नाही. अर्जानंतर २० आठवडे आणि सशर्त आदेशानंतर आणखी सहा आठवडे थांबावे लागते. संयुक्त अरब अमिरातीत १ फेब्रुवारी २०२३ पासून मुस्लिमेतरांसाठी स्वतंत्र नागरी कायदा लागू असून, तिथेही दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळू शकतो.

मग अडचण कुठे येते?

हिंदू विवाह कायद्यात ‘विवाह पूर्णपणे कोलमडला आहे’ हे घटस्फोटाचे कारणच नाही. सर्वोच्च न्यायालय राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खालील विशेष अधिकारात असा घटस्फोट देऊ शकते, हे घटनापीठाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. कौटुंबिक न्यायालयाला तो अधिकार नाही.

परदेशी निकाल कधी बंधनकारक ठरत नाही, हे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १३ सांगते. अधिकारक्षेत्र नसलेल्या न्यायालयाचा, गुणवत्तेवर न दिलेला, फसवणुकीने मिळवलेला किंवा नैसर्गिक न्यायाविरुद्ध असलेला निकाल इथे टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये याच कसोटीवर अमेरिकेतील मिसुरी राज्यातून पतीने मिळवलेला घटस्फोट अमान्य केला. ते लग्न तिरुपतीला झाले होते.

ज्या कायद्याखाली लग्न झाले, त्याच कायद्यानुसार न्यायालयाला अधिकार आणि घटस्फोटाला कारण हवे, असा नियम त्या निकालाने घालून दिला. त्याला तीन अपवाद आहेत. पहिला, प्रतिवादी त्याच देशात कायम राहत असेल आणि कारण आपल्या विवाह कायद्यात बसणारे असेल. दुसरा, प्रतिवादीने स्वेच्छेने तिथे हजर राहून खटला लढवला असेल आणि कारण आपल्या कायद्यातले असेल. तिसरा, प्रतिवादीने घटस्फोटाला संमती दिली असेल. दोष न दाखवता, एकतर्फी मिळवलेला घटस्फोट म्हणूनच सर्वांत कच्चा ठरतो.

मुस्लीम, ख्रिस्ती, पारशी किंवा विशेष विवाह कायद्याखालील लग्नांत घटस्फोटाची कारणे वेगळी असतात. मात्र कलम १३ ची चाळणी सर्वांनाच लागू आहे.

परदेशी न्यायालयाची नोटीस आली तर?

भारतात मान्य होणार नाही, असे समजून ती बाजूला ठेवणे धोक्याचे असते. एकतर्फी निकालाचा तिकडच्या बँक खात्यांवर, घरावर आणि मुलांच्या ताब्यावर परिणाम होतो. अमेरिकेत एच-४ व्हिसावर असलेल्या जोडीदाराचा तो दर्जाही घटस्फोटानंतर संपतो. पण सरसकट उत्तर दाखल केल्यास ते न्यायालय मान्य केले, असा अर्थ निघू शकतो. केवळ अधिकारक्षेत्रावर हरकत घेण्यासाठी हजर होणे म्हणजे त्या न्यायालयाला शरण जाणे नव्हे, असे १९९१ च्या निकालातच म्हटले आहे. त्यामुळे उत्तर देण्याआधी दोन्ही देशांतील वकिलांचा सल्ला घ्यावा.

परदेशात राहून भारतात अर्ज करता येतो का?

येतो. लग्न जिथे झाले किंवा दोघे शेवटचे एकत्र जिथे राहिले, तेथील कौटुंबिक न्यायालयात जाता येते. पत्नीला स्वतःच्या वास्तव्याच्या ठिकाणीही अर्ज करता येतो. परस्पर संमतीसाठी किमान एक वर्ष वेगळे राहणे आवश्यक आहे. त्यानंतरची सहा महिन्यांची मुदत न्यायालय योग्य प्रकरणात माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. परदेशातील पक्षकाराला मुखत्यारामार्फत अर्ज करण्याची आणि व्हिडिओ कॉलवरून संमती नोंदवण्याची मुभा मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिली. परदेशात केलेल्या मुखत्यारपत्रावर महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावे लागते.

मुले आणि मालमत्तेचे काय?

मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत सहभागी नाही. परदेशी न्यायालयाचा ताब्याचा आदेश इथे विचारात घेतला जातो. पण मुलाचे हित सर्वांत वरचे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. तरीही जोडीदाराच्या संमतीविना मूल भारतात आणल्यास तिकडे फौजदारी गुन्हा दाखल होऊ शकतो.

भारतातील घर-जमिनीच्या मालकीचा वाद भारतीय न्यायालयातच सुटतो. ब्रिटन, सिंगापूर, अमिराती अशा अधिसूचित देशांतील वरिष्ठ न्यायालयांच्या पैशांबाबतच्या हुकूमनाम्यांची अंमलबजावणी थेट जिल्हा न्यायालयातून मागता येते. अमेरिका आणि कॅनडा या यादीत नाहीत. त्यांच्या निकालाच्या आधारे इथे नवा दावा करावा लागतो.

सुरक्षित मार्ग कोणता?

दोघांची तयारी असेल तर भारतात परस्पर संमतीने घेतलेला घटस्फोट सर्वांत भक्कम. परदेशातच घ्यायचा असेल तर दोघांचा सहभाग आणि लेखी संमती हुकूमनाम्यात नोंदलेली असावी. एकतर्फी घटस्फोट आधीच झाला असेल तर दुसऱ्या लग्नापूर्वी कौटुंबिक न्यायालयाकडून वैवाहिक दर्जाची घोषणा मागता येते. पहिले लग्न भारतात कायम मानले गेले तर दुसरे लग्न रद्दबातल ठरते. द्विविवाहाच्या गुन्ह्यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पतीने परदेशात नेऊन सोडून दिलेल्या किंवा एकतर्फी घटस्फोट दिलेल्या महिलांना राष्ट्रीय महिला आयोगाच्या अनिवासी भारतीय कक्षाकडे तक्रार करता येते.