पुरस्कार मोठा, नाव आखूड

गेल्या जूनमधली गोष्ट. माझी भाची धुळ्याहून आमच्याकडे जळगावला आली होती. नुकतीच बारावी झालेली, उर्दू माध्यमाच्या अनुदानित शाळेत शिकलेली. बाप यंत्रमागावर, घरात कॉलेजचा फॉर्म भरणारी ही पहिलीच. राज्याबाहेरच्या एका विद्यापीठाच्या फॉर्ममध्ये 'मिळालेले सन्मान' असा एक रकाना होता आणि त्यात तिने एका ओळीत लिहिले होते: 'एनएमएमएस, सॅट 71/90, इंटर ए ग्रेड'.

"खाला, जागा कमी होती, म्हणून शॉर्टमध्ये लिहिलं," ती म्हणाली.

आमच्या गल्लीतले निवृत्त सर तेवढ्यात आले. ते अलीगढला शिकलेले. त्यांनी चष्मा लावून ओळ वाचली आणि विचारले, "बेटी, इंटरला ए ग्रेड लिहिलीस, पण बारावीचे गुण तर वर वेगळे भरलेत. मग हे इंटर कोणतं?"

भाची गोंधळली. तिने लिहिले होते ते चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेबद्दल. आपल्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट म्हटले की कला संचालनालयाच्या रेखाकला परीक्षा, हे घराघरात माहीत आहे. पण उत्तर प्रदेशात किंवा हैदराबादेत 'इंटर' म्हणजे अकरावी-बारावी. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचा किंवा हैदराबादच्या मौलाना आझाद उर्दू विद्यापीठाचा कर्मचारी ही ओळ वाचून चित्रकलेपर्यंत पोहोचणारच नाही.

मग आम्ही ती ओळ पुन्हा एकेक शब्द करून वाचली, तेव्हा चूक एकच नव्हती हे कळले.

चार अक्षरांत हरवलेली मेहनत

एनएमएमएस म्हणजे राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती. आठवीत परीक्षा होते, आपल्या राज्यात ती उर्दूतूनही देता येते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये, म्हणजे चार वर्षांत 48,000. भाचीच्या शिक्षणाचा खर्च बराचसा यातूनच निघाला. केंद्र सरकारची ही शिष्यवृत्ती तिच्या घरासाठी मोठीच मिळकत होती. पण ज्याला ही चार अक्षरे ओळखीची नाहीत, त्याच्यासाठी ती नुसती चार अक्षरे.

'सॅट'ची गंमत तर आणखी निराळी. या परीक्षेत 90-90 गुणांचे दोन पेपर असतात, एक बौद्धिक क्षमतेचा 'मॅट' आणि दुसरा शालेय विषयांचा 'सॅट'. पण अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाची जी सॅट परीक्षा जगभर माहीत आहे, ती 1600 गुणांची. '71/90' वाचून परका माणूस बुचकळ्यात पडेल, नाहीतर मुलीला परीक्षेचे नावही नीट लिहिता येत नाही असे समजेल. व्यवस्थापनाच्या प्रवेशपरीक्षेलाही मॅटच म्हणतात, ते वेगळेच.

न बोलता मोठे झालेले पदक

आखूड नावाने पुरस्कार लहान होतो तसा कधी फुगतोही. माझ्या दिराचा मुलगा इंग्रजी शाळेत शिकतो. त्याने आपल्या यादीत लिहिले होते, 'आयएमओ गोल्ड मेडल'. मुलगा खोटे बोलत नव्हता, पदक घरात टांगलेले आहे. पण सायन्स ऑलिंपियाड फाउंडेशन शाळाशाळांतून जी गणिताची परीक्षा घेते तिलाही आयएमओ म्हणतात आणि तिथे शाळेत आपल्या वर्गात पहिल्या येणाऱ्यालाही पदक मिळते. दुसरी आयएमओ ही देशोदेशींच्या संघांची गणित ऑलिंपियाड. तिथे भारताचे जास्तीत जास्त 6 विद्यार्थी जातात, त्यांची निवड मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रामार्फत अनेक टप्प्यांतून होते. 1996 मध्ये ती ऑलिंपियाड मुंबईतच भरली होती. गणिताचा प्राध्यापक 'आयएमओ गोल्ड' वाचून हीच समजणार. मग मुलाखतीत एक प्रश्न विचारला की मुलगा खोटारडा ठरणार. मनात खोट नसतानाही वाचणाऱ्याची दिशाभूल होत असेल, तर ती दूर करणे आपले काम आहे. पुरस्कार आहे तेवढाच दिसावा, कमीही नको आणि जास्तही नको.

जागा खरेच कमी असते का?

मुले म्हणतात, फॉर्ममध्ये जागा नसते. हे अर्धेच खरे. अमेरिकेतल्या शेकडो कॉलेजांसाठी जो 'कॉमन अ‍ॅप' फॉर्म चालतो, त्यात पाचच सन्मान लिहिता येतात आणि प्रत्येकाला 100 अक्षरे मिळतात. भाचीच्या शिष्यवृत्तीचे संपूर्ण इंग्रजी नाव आम्ही मोजले, मधल्या जागा धरून 36 अक्षरे भरली. म्हणजे 64 शिल्लक, त्यात कोणी दिली, कोणत्या इयत्तेत, हेही मावते.

खरी अडचण लांब नावांची. आपले विद्यापीठ आपण अजून 'उमवि' म्हणतो. 2018 पासून त्याचे नाव कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. इंग्रजीत 58 अक्षरे. अशा वेळी 'उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव' एवढे ठेवले तर बाहेरच्याला निदान कळते, कुठले ते. जळगावात 'एम. जे.' म्हटले की रिक्षावालाही मूळजी जेठा कॉलेजला नेऊन सोडतो, पण पुण्याच्या पुढे 'एम. जे.' कोणालाच माहीत नाही. 'एनसीसी', 'एनएसएस' देशात सगळीकडे चालतात. परदेशी फॉर्मवर मात्र तीही पूर्ण लिहावीत.

कापायचेच असेल तर पुरस्काराचे नाव कापू नये. 'मला मिळाला', 'सन्मानित करण्यात आले', 'प्रतिष्ठेचा' असे शब्द आधी काढावेत. पातळी मात्र ठेवावी: शाळा, तालुका, जिल्हा, राज्य की देश.

आपल्या नावातले 'शे.' आणि 'मो.'

आपल्या घरांत आणखी एक आखूडपणा आहे. खानदेशात मुलाच्या आणि बापाच्या दोघांच्या नावाआधी 'शे.' लिहायची जुनी रीत. कुठे 'मो.', कुठे 'स.'. प्रशस्तिपत्रावर 'शे.', गुणपत्रिकेवर 'शेख', आधारवर तिसरेच. इंग्रजीत 'एमडी' लिहिले की डॉक्टर वाटतो. पुरस्कार खरा असूनही कागद जुळत नाहीत, मग प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातल्या नावबदलासाठी धावपळ. बक्षीस समारंभाआधीच शाळेला नाव नीट लिहून द्यावे, पुढे दहावीच्या गुणपत्रिकेवर येणार आहे तेच.

त्या संध्याकाळी भाचीची ओळ अशी झाली: 'राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, भारत सरकार, नववी ते बारावी, इंटरमिजिएट शासकीय रेखाकला परीक्षा, महाराष्ट्र, ए श्रेणी'. सॅटचे गुण काढून टाकले, कारण निवड झाली म्हटल्यावर त्यांची गरजच उरत नव्हती. सरांनी पुन्हा वाचले आणि या वेळी काही विचारले नाही.

माता-भगिनींना एवढेच सांगणे आहे. मूल प्रमाणपत्र घेऊन घरी येते, त्याच दिवशी एका वहीत चार गोष्टी लिहून ठेवा: परीक्षेचे पूर्ण नाव, घेणारी संस्था, पातळी, वर्ष. चार वर्षांनी फॉर्म भरताना मुलाला फक्त अक्षरे आठवतात. आणि फॉर्म पाठवण्याआधी ती यादी अशा एखाद्याला वाचायला द्या, ज्याला तुमच्या मुलाची शाळा माहीत नाही. जिथे तो थांबून "हे काय?" विचारेल, तिथे नाव पूर्ण लिहा.