फिरता लोहचुंबक आणि खोल पाण्यांतील संदेश

पाणबुडी समुद्रांत खोल उतरली कीं तिचा वरच्या जगाशीं संबंध जवळजवळ तुटतो. आकाशांतून शेंकडों मैल सहज जाणाऱ्या विद्युल्लहरी खाऱ्या पाण्यापुढें हतबल होतात. सेकंदास दहा लक्ष आंदोलनें पावणारी लहर पाव मीटर पाण्यांतून जातांच तिचें बळ तिसऱ्या हिश्शाच्या आसपास उरतें. आंदोलनें शंभरांवर आणलीं, तर तेवढाच ऱ्हास होण्यास पंचवीस मीटर पाणी लागतें. लहर जितकी मंद, तितका संदेश खोल, हा नियम खाणींतील खडकासहि लागू पडतो.

मग अडचण कोठें येते? शंभर आंदोलनांच्या लहरीची लांबी हवेंत तीन हजार किलोमीटर भरते, आणि अशी लहर निर्माण करण्यास एरियलहि अवाढव्य लागतें. विस्कॉन्सिन व मिशिगन या राज्यांत अमेरिकन आरमाराचें ७६ आंदोलनांचें केंद्र १९८९ पासून २००४ पर्यंत चालू होतें. त्याच्या तारा एकंदर सुमारें १३५ किलोमीटर लांब होत्या. पाणबुडीस त्याचा संदेश ऐकतां येई. त्याच मार्गानें उत्तर देणें तिला अशक्य होतें.

या कोड्यावर शास्त्रज्ञांनीं शोधलेली तोड दिसावयास अगदीं साधी आहे. आखूड तारेंत मंद प्रवाह खेळविला, तर बहुतेक शक्ति तार तापविण्यांतच खर्ची पडते. कायम लोहचुंबकाचें चुंबकत्व मात्र प्रवाहावांचून टिकतें. तो चुंबक सेकंदास शंभर वेळां फिरविला कीं त्याचें क्षेत्रहि तितक्याच वेळां उलटसुलट होतें. मोटरीला मुख्यतः घर्षणाचा व हवेचा विरोध तेवढा सोसावा लागतो. वेग किंचित् कमीजास्त करून संदेशाचीं चिन्हें पाठवितां येतात. अमेरिकेच्या 'डार्पा' या संरक्षण-संशोधन संस्थेनें २०१७ च्या सुमारास अशा यांत्रिक एरियलांचें संशोधन हातीं घेतलें.

या युक्तीचें मोलहि द्यावें लागतें. जवळच्या टापूंत चुंबकाचें बळ अंतराच्या घनाच्या प्रमाणांत घटतें. अंतर दुप्पट झालें कीं बळ एक-अष्टमांश उरतें. शिवाय जड चुंबकाचा वेग क्षणोक्षणीं बदलणें कठीण, म्हणून संदेश सावकाश जातो. संभाषण किंवा संगीत या मार्गानें पाठविण्याची आशा नको.

परंतु दरड कोसळून खाणींत अडकलेल्या मजुरास संभाषणाची गरज नसते. आपण जिवंत आहों आणि कोठें आहों, एवढीं चार अक्षरें खडकापार पोंचलीं, तरी वर खणणाऱ्यांस दिशा मिळते.