पंचाहत्तर लाखांची झडती

१७ नोव्हेंबर २०२४ या एका दिवसात देशांतर्गत विमानांतून ५,०५,४१२ प्रवाशांनी प्रवास केला. भारतात एका दिवसात पाच लाखांचा आकडा ओलांडला गेला तो पहिल्यांदाच. आता दुसरा आकडा घ्या. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८ भरली होती. फरक अवघा ६८६ माणसांचा. म्हणजे त्या विक्रमी दिवशी देशभरच्या विमानतळांवर हात पसरून, खिसे रिकामे करून जेवढे देशांतर्गत प्रवासी तपासणीतून गेले, तेवढी माणसं एकट्या उल्हासनगरात, कॅम्प एक ते कॅम्प पाचमध्ये, राहतात.

त्यात अंबरनाथचे २,५३,४७५ आणि बदलापूरचे १,७४,२२६ मिळवले की कर्जत लाइनवरच्या आपल्या तीन शहरांची बेरीज ९,३३,७९९ होते. हीसुद्धा २०११ ची. त्यानंतरची गणना अजून हाती नाही, आणि बदलापुरात कात्रप-मांजर्लीकडे उभे राहिलेले टॉवर बघता खरा आकडा केव्हाच पुढे गेला असणार. यातली बहुतेक माणसं विमानात क्वचित बसतात. लोकलला मात्र रोज लटकतात.

मुंबईची उपनगरी रेल्वे दिवसाला सुमारे ७५ लाख प्रवासी वाहते. विमानांच्या त्या विक्रमी दिवसाच्या जवळजवळ पंधरा पट! अमेरिकेशी ताडून बघितलं तरी आकडा डोळ्यांत भरतो. तिथे विमानतळ सुरक्षेसाठी टीएसए नावाचं स्वतंत्र सरकारी खातंच आहे. ७ जुलै २०२४ रोजी या खात्याने देशभरात मिळून पहिल्यांदाच एका दिवसात ३० लाखांहून अधिक प्रवासी तपासले, आणि त्याची बातमी झाली. आपल्या लोकल त्याच्या अडीच पट माणसं कुठल्याही साध्या मंगळवारी नेतात. नवी मुंबईच्या नव्या विमानतळाची पहिल्या टप्प्यातली क्षमता वर्षाला २ कोटी प्रवाशांची आहे. दिवसाला साधारण ५५ हजार. बारा डब्यांच्या खच्चून भरलेल्या लोकलमध्ये ४,००० माणसं धरली, तर हे झाले चौदा लोकलचे प्रवासी.

मग जो प्रश्न लोकलमधल्या प्रत्येक बॉम्बस्फोटानंतर विचारला जातो तो गणितात बसवून पाहू. विमानतळासारखी तपासणी लोकलला का नाही?

एका माणसाला फक्त १५ सेकंद धरू. सामान पट्ट्यावर, माणूस चौकटीखालून, वरून हातातलं यंत्र फिरवायचं, हे सगळं १५ सेकंदांत आटपलं असं मानणं म्हणजे हात सैल सोडणंच झालं. ७५ लाखांना प्रत्येकी १५ सेकंद म्हणजे दिवसाला ३१,२५० तास. साडेतीन वर्षांहून जास्त वेळ, रोज. वर्षाचे कामाचे ३०० दिवस घेतले तर १,०७० वर्षं होतात. अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० आहे. ते मंदिर बांधून जेवढा काळ लोटला, त्याहून अधिक काळ मुंबईकरांनी एका वर्षात रांगेत घालवायचा.

तुम्ही म्हणाल, माणसं वाढवा, यंत्रं वाढवा. पण नुसत्या माणसांनी हे भागणारं नाही, कारण अडचण जागेची आणि घड्याळाची आहे. एका भरलेल्या लोकलच्या ४,००० प्रवाशांसाठी दहा रांगा लावल्या, दहाही रांगांत एकही माणूस अडला नाही, तरी १०० मिनिटं लागतात. साधारण तेवढ्या वेळात ती गाडी बदलापूरहून सीएसएमटीला पोचते. प्रत्येकी अर्धा मीटर जागा दिली तर ७५ लाखांची रांग ३,७५० किलोमीटर होईल. श्रीनगर ते कन्याकुमारी रस्त्याच्या लांबीची.

हे गणित थट्टेचं नाही. कर्जत लाइनच्या माणसाने तर ते थट्टेवारी नेऊच नये. १३ मार्च २००३ रोजी मुलुंड स्थानकात शिरणाऱ्या गाडीत बॉम्ब फुटला, ती गाडी कर्जतची होती आणि डबा बायकांचा. कामावरून घरी, आपल्याच बाजूला, परतणाऱ्या बायकांचा. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेवर ११ मिनिटांत सात स्फोट झाले. न्यायालयीन नोंदींनुसार १८९ माणसं गेली, आठशेहून अधिक जखमी झाली. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसएमटीच्या मोकळ्या हॉलमध्ये गोळीबार झाला. भीती खरी आहे आणि सुरक्षेची मागणीही खरी आहे.

त्या मागणीला मिळालेलं उत्तर म्हणजे स्थानकाच्या तोंडाशी उभी केलेली धातुशोधक चौकट. सकाळी सातच्या गर्दीत तिच्याजवळ दोन मिनिटं थांबून बघा. प्रत्येकाच्या पिशवीत स्टीलचा डबा, खिशात मोबाइल, पट्ट्याला बक्कल, हातात किल्ल्यांचा जुडगा. चौकट सगळ्यांसाठीच वाजते. बाजूला दोन हात मोकळी जागा असते, निम्मी माणसं तिथूनच जातात. खुर्चीवरचा जवान मान वर करत नाही, आणि मी त्याला दोष देणार नाही. प्रत्येक आवाजाला एक माणूस थांबवला तर जिन्यावर चेंगराचेंगरी होईल आणि तिथेच माणसं मरतील.

विमानतळावरची झडती नकोशी असली तरी तिच्यात एक गोष्ट आहे जी आपण फारशी मोजत नाही. ती डोळ्यांसमोर होते. डिसेंबर १९९९ च्या कंदाहार विमान अपहरणानंतर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने, म्हणजे सीआयएसएफने, फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून विमानतळांची सुरक्षा हाती घ्यायला सुरुवात केली. आज समोरचा जवान गणवेशात असतो. बाईची तपासणी पडद्याआड बाईच करते. विमान सुरक्षेचे राजपत्रात छापलेले नियम आहेत. अपमान झाला तर तो कुणी केला हे सांगता येतं.

अपमान होतोच. ऑक्टोबर २०२१ मध्ये अभिनेत्री आणि नर्तिका सुधा चंद्रन यांनी एक व्हिडिओ प्रसिद्ध केला. १९८१ च्या अपघातानंतर त्यांचा एक पाय कापावा लागला, आणि कृत्रिम पायावर त्या पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या. ही गोष्ट साऱ्या देशाला पाठ आहे. तरीही दर प्रवासात विमानतळावर तो पाय काढून दाखवायला सांगतात, हे त्या पंतप्रधानांना उद्देशून बोलत होत्या. एका बाईने पाय सोडवायचा आणि पुन्हा बांधायचा. दर खेपेला. सीआयएसएफने माफी मागितली, कारण माफी कुणी मागायची हे ठरलेलं होतं.

याच झडतीतून कुणाला सूट द्यायची याचीही सरकारी यादी असते. सोनिया गांधी यांचे जावई रॉबर्ट वड्रा यांचं नाव त्या यादीत का, यावर वर्षानुवर्षं राजकारण तापलं आणि सप्टेंबर २०१५ मध्ये ते वगळलं गेलं. वाद पक्षांचा होता, पण यादी विमानतळावर फलकावर लावलेली होती म्हणूनच तो होऊ शकला. अमेरिकेत २०१० साली कपड्यांच्या आतलं शरीर दाखवणाऱ्या स्कॅनरवरून लोक पेटून उठले. प्रवाशांनी नकार दिला, खासदारांनी कायदा केला, आणि शरीराची आकृती दाखवणारी ती यंत्रं २०१३ च्या मध्यापर्यंत विमानतळांवरून काढावी लागली. दिसणाऱ्या झडतीशी भांडता येतं.

आता जी झडती येते आहे ती दिसत नाही. ७५ लाखांना थांबवता येत नाही, म्हणून न थांबवता तपासायचं. कॅमेरा चेहरा टिपणार, संगणक तो यादीतल्या चेहऱ्यांशी ताडून बघणार. सीएसएमटीसह देशातल्या सात मोठ्या स्थानकांवर चेहरा ओळखणारी यंत्रणा बसवणार असल्याचं केंद्र सरकारने २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं. हेतू स्त्रियांच्या सुरक्षेचा आहे, आणि रात्रीच्या शेवटच्या लोकलने अंबरनाथला उतरणाऱ्या मुलीला तो हेतू पटेल. मलाही पटतो. पण हिशेब तपासायला हवा.

समजा, यंत्र हजारात एकदाच चुकतं. ९९.९ टक्के अचूक! कुठल्याही परीक्षेत हे गुण म्हणजे बोर्डात पहिला नंबर. पण ७५ लाख चेहऱ्यांवर हजारी एक चूक म्हणजे रोज ७,५०० निरपराध माणसं. समजा त्याच दिवशी खरोखर हवे असलेले १०० गुन्हेगार लोकलने फिरले आणि यंत्राने शंभरही पकडले. तरी एकूण ७,६०० इशारे वाजतील, आणि दर ७६ इशाऱ्यांमागे ७५ चुकीचे असतील. आपल्या तीन शहरांतला प्रत्येक माणूस एकदाच कॅमेऱ्यासमोरून गेला तर ९३४ जण नाहक संशयित ठरतील. यंत्र दहापट सुधारलं, तरी लोकलवर रोज ७५० माणसं उरतात. कुणाची हजेरी चुकेल, कुणाची मुलाखत. कुणाला चार लोकांसमोर बाजूला घेतलं जाईल आणि उद्यापासून डब्यातला ग्रुप त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघेल.

हजारात एक ही चूकही मी यंत्राला झुकतं माप देऊनच धरली आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१९ मध्ये अशा अनेक प्रणाली तपासल्या. त्यातल्या बऱ्याच प्रणालींत आशियाई आणि आफ्रिकी चेहऱ्यांबाबत चुकीच्या जुळणीचं प्रमाण गोऱ्या चेहऱ्यांपेक्षा दहा ते शंभर पट आढळलं. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकाराखाली दिलेल्या उत्तरात ८० टक्के साम्य म्हणजे जुळणी मानतो असं सांगितलं. ते उत्तर कुणीतरी अर्ज केला म्हणून बाहेर आलं.

चुकीची जुळणी मंत्र्यालाही सोडत नाही. प्रफुल्ल पटेल देशाचे नागरी विमान वाहतूक मंत्री असताना २०१० मध्ये शिकागोच्या विमानतळावर त्यांना अडवून चौकशी झाली. त्यांचं नाव आणि जन्मतारीख यादीतल्या कुणाशी तरी जुळत होती. ते मंत्री होते, म्हणून उलगडा झाला. उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यात शिलाई करणाऱ्या पोराचा चेहरा जुळला तर त्याच्यासाठी फोन कोण करणार?

आणि ओळख चुकली तर किंमत किती मोठी असते हेही आपल्याच रेल्वेच्या इतिहासात आहे. २००६ च्या स्फोटांसाठी २०१५ मध्ये दोषी ठरवलेल्या १२ जणांना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सोडलं. साक्षीदारांनी चेहरे ओळखल्याचा पुरावा न्यायालयाला विश्वासार्ह वाटला नाही. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती मिळाली, पण सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवलं गेलं नाही. १९ वर्षं गेली. मेलेल्यांच्या घरच्यांनाही उत्तर मिळालं नाही.

कायदा काय सांगतो तेही बघू. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने, ५४७ पानांच्या निकालात, खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. सरकारला त्यात शिरायचं असेल तर आधी कायदा हवा, हेतू योग्य हवा आणि उपाय बेताचा हवा. चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आहे, पण त्याच्या कलम १७ नुसार सरकार आपल्याच यंत्रणांना त्यातून सूट देऊ शकतं. विमानतळावर चेहरा ओळखून आत सोडणारी डिजियात्रा निदान ऐच्छिक आहे, नको असेल तर दुसरी रांग आहे. स्थानकातल्या कॅमेऱ्याला दुसरी रांग नसते.

अजून एक आकडा, कारण त्याशिवाय सुरक्षेची गोष्ट खोटी ठरेल. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २०२३ या एका वर्षात २,५९० माणसं मेली. दिवसाला सात. रूळ ओलांडताना, दारातून पडून, फलाट आणि गाडीच्या फटीत सापडून. २००६ च्या सात स्फोटांत गेलेल्यांच्या तेरा पटींहून जास्त, आणि तेही एकाच वर्षात. जून २०२४ मध्ये हे आकडे उच्च न्यायालयासमोर आले तेव्हा प्रवाशांना ज्या तऱ्हेने प्रवास करावा लागतो त्याची लाज वाटते असं न्यायालय म्हणालं. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं पडून मेली. त्यांना ओळखायला कॅमेरा नको होता. त्यांना आत उभं राहायला जागा हवी होती. बदलापूरकर कित्येक वर्षं जास्त गाड्या मागतो आहे.

स्थानकात कॅमेरे असावेत. गुन्हा घडल्यावर चित्रण तपासलं जावं, बायकांच्या डब्यात रात्री पोलीस असावा. पण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा ताडून बघणारी यंत्रणा कायद्याआधी बसवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ती आपल्या स्थानकांपर्यंत येण्याआधी आपल्या प्रवासी संघटनांनी रेल्वेला लेखी विचारावं: कुठल्या स्थानकांवर चेहरे जुळवले जातात, कुठल्या यादीशी, किती टक्के साम्याला जुळणी म्हणतात, चेहरा किती दिवस साठवतात, आणि चुकून अडवलेल्या माणसाने तक्रार कुणाकडे करायची. माहिती अधिकाराच्या अर्जाची फी १० रुपये आहे, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज करा.