संवादसाधन दिवसभर विद्यार्थ्याजवळ असणे आवश्यक

सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता अशा कारणांनी ज्यांना बोलून व्यक्त होता येत नाही, त्या विद्यार्थ्यांसाठी चित्रफलक, टॅबलेटवरील ॲप किंवा टंकलिखित मजकूर उच्चारणारे यंत्र हाच आवाज असतो. ते साधन विशेष शिक्षकांच्या तासापुरते बाहेर काढून पुन्हा कपाटात ठेवले, तर पाणी मागणे, शंका विचारणे किंवा दुखते आहे हे सांगणेही त्या मुलाला कठीण होते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १७ नुसार, वाचा व भाषाविषयक दिव्यांगत्व असलेल्यांच्या दैनंदिन संवादासाठी पूरक व पर्यायी माध्यमांच्या वापरास चालना देणे ही शासन व स्थानिक प्राधिकरणांची जबाबदारी आहे. आयआयटी मुंबईने विकसित केलेले ‘जेलो’ हे चित्राधारित ॲप विनामूल्य असून मराठीतही उपलब्ध आहे.

मात्र साधन मिळाले म्हणजे काम संपत नाही. शिक्षकांनी बोलताना स्वतःही त्यावरील चित्रांना स्पर्श करून दाखवावा आणि प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी पुरेसा वेळ थांबावे. मधल्या सुट्टीत, मैदानावर व सहलीतही साधन सोबत असावे. चार्जिंग संपल्यास उपयोगी पडेल असा छापील चित्रफलक वर्गात ठेवावा. शिक्षा म्हणून साधन कधीही काढून घेऊ नये.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मालिनी चिब यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवी घेतली आणि ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मकथन एका बोटाने टंकलिखित केले. दिवसभर संवादाची सोय असेल, तरच अशा विद्यार्थ्यांना किती समजते आणि काय हवे आहे, हे शाळेला कळू शकते.