ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांचा फुटबॉल संघ

मुलगा फुटबॉलच्या नादीं लागला कीं त्याच्या अभ्यासाची आशा सोडावी, असें पुष्कळ पालकांस मनापासून वाटतें. त्यांचें भय अगदींच निराधार आहे असें कोणीहि शिक्षक म्हणणार नाहीं. तथापि इंग्लंडांतील सर्वांत जुना फुटबॉल चषक एकदां विद्यार्थ्यांच्याच एका संघानें जिंकला होता, आणि त्या गड्यांचें पुढें काय झालें हें पाहण्याजोगें आहे.

ऑक्सफर्ड विद्यापीठाचा फुटबॉल संघ १८७१ सालीं स्थापन झाला. त्याच वर्षीं इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननें आपल्या चषकाचे सामने सुरू केले. त्या आरंभींच्या वर्षांत लष्करी अधिकारी, वकील, जुन्या शाळांचे माजी विद्यार्थी अशीच मंडळी बहुधा या चषकासाठीं झगडत असे. विद्यार्थ्यांच्या संघास एक अडचण जन्मापासूनचीच. गडी तयार होतो न होतो तोंच त्याला पदवी मिळते आणि तो निघून जातो. संघाची घडी वरचेवर नव्यानें बसवावी लागते.

१८७३ च्या मार्चमध्यें हा संघ प्रथमच अंतिम सामन्यास पोंचला. त्याच दिवशीं थेम्स नदीवर ऑक्सफर्ड व केंब्रिज यांच्या नौकांची शर्यत होती, म्हणून सामना सकाळींच उरकण्यांत आला! प्रतिपक्षी वाँडरर्स संघाचा एक गोल झाला. तेव्हां बरोबरी साधण्याच्या उतावळेपणानें ऑक्सफर्डकरांनीं आपला गोलरक्षक लीच यालाहि चढाईस धाडलें. दार सताड उघडें टाकून चोरामागें धांवावें तसाच हा प्रकार. ओस पडलेल्या जागीं वाँडरर्सनीं दुसरा गोल केला.

पुढील वर्षीं मात्र त्याच वाँडरर्सना वाटेंतच हरवून ऑक्सफर्डनें अंतिम सामना गांठला. १४ मार्च १८७४ रोजीं लंडनच्या केनिंग्टन ओव्हल मैदानावर गांठ पडली ती रॉयल इंजिनिअर्स या लष्करी संघाशीं. चेंडू एकट्यानेंच पायाशीं खेळवीत न धांवतां तो सोबत्यास देत पुढें जाण्याविषयीं या संघाची ख्याति होती. त्यांतील रेनी-टेल्यूर हा आपल्या मसुरीस जन्मलेला. रॉसन घराण्यांतील एक भाऊ इकडे, तर दुसरा तिकडे! पहिल्या वीस मिनिटांतच मॅकर्नेस व पॅटन यांनीं ऑक्सफर्डचे दोन गोल केले, आणि तेवढ्यावरच चषक विद्यार्थ्यांच्या हातीं आला.

संघाचा कप्तान कथबर्ट ऑटवे. १८७२ सालीं इंग्लंड व स्कॉटलंड यांच्यामध्यें झालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत इंग्लंडचा कप्तान तोच होता. पुढें तो बॅरिस्टर झाला; पण १८७८ सालीं, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षीं, वारला. गोल करणारा मॅकर्नेस, गोलरक्षक नेपिअन व चेंडू खेळविण्यांत विख्यात असलेला विडाल हे तिघेहि धर्मोपदेशक झाले.

१८७७ सालीं संघ पुन्हां अंतिम सामन्यांत आला. त्या दिवशीं वाँडरर्सचा गोलरक्षक किनार्ड चेंडू हातीं धरून मागें सरकतांना स्वतःच गोलरेषेपलीकडे गेला, व ऑक्सफर्डला आयता गोल मिळाला. तरीहि वाढीव वेळेंत वाँडरर्सनींच २-१ अशी सरशी केली. त्या हरलेल्या संघांत अर्नोल्ड हिल्स नांवाचा गडी होता. पुढें थेम्स नदीकांठच्या मोठ्या जहाजकारखान्याचा चालक होऊन त्यानें १८९५ सालीं आपल्या कामगारांसाठीं जो संघ काढला, त्यांतूनच वेस्ट हॅम युनायटेड हा नामांकित संघ निघाला. लंडनच्या शाकाहारी मंडळाचे अध्यक्ष म्हणून महात्मा गांधींच्या आत्मकथेंत येणारे हिल्स ते हेच. एका सभासदास मंडळांतून काढण्याच्या प्रश्नावर तरुण गांधींचें मत हिल्स यांच्या विरुद्ध पडलें. पण उभें राहून बोलण्याचें धैर्य होईना, म्हणून त्यांनीं विचार कागदावर लिहून नेले, आणि ते दुसऱ्याकडून वाचविले गेले.

१८८० सालीं क्लॅपहॅम रोव्हर्सकडून एका गोलानें हार झाली. त्यानंतर ऑक्सफर्ड या चषकाच्या अंतिम सामन्यांत कधींच दिसलें नाहीं. १८८५ सालीं असोसिएशननें पगारी खेळाडूंस मान्यता दिली. मग वर्षांतले कांहीं महिनेच मैदानावर येणाऱ्या विद्यार्थ्यांचा त्यांच्यापुढें काय पाड?

परंतु १८७४ च्या त्या विजयानंतर सुमारें दोन आठवड्यांनीं, त्याच ओव्हलवर, ऑक्सफर्ड व केंब्रिज यांचा पहिला फुटबॉल सामना झाला व ऑक्सफर्डनें तो १-० असा जिंकला. दोन्ही विद्यापीठांचा हा सामना अजून होत असतो, आणि प्रत्येक वेळीं दोन्हीकडचे कांहीं गडी तो शेवटचाच खेळत असतात.