अर्थाआधी चित्र : टॅरो वाचनाची सुरुवात

टॅरोचे पत्ते वाचायला शिकू पाहणाऱ्याच्या हाती बहुधा आधी अर्थांची पुस्तिका पडते, आणि ७८ पत्त्यांचे सुलटे व उलटे मिळून दीडशेहून अधिक अर्थ पाठ करण्याच्या खटाटोपात शिकण्याचा उत्साह लवकरच मावळतो. हा क्रमच चुकीचा आहे. टॅरो ही मुळात चित्रे पाहण्याची आणि त्यांवर बोलण्याची विद्या असून, जो चित्रात काय आहे ते सावकाश पाहतो त्याला अर्थ पुढे फारसे पाठ करावे लागत नाहीत. जो केवळ अर्थ पाठ करतो त्याला मात्र समोरचे चित्र अखेरपर्यंत नीट दिसत नाही.

संचाची रचना पत्ते खेळणाऱ्या कोणालाही सहज समजेल अशी आहे. ५६ पत्त्यांचे चार गट असतात आणि प्रत्येक गटात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा, तसेच शिपाई, घोडेस्वार, राणी व राजा असे १४ पत्ते येतात. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांच्या जागी येथे तलवार, पेला, नाणे आणि काठी या खुणा आहेत. पेल्यांकडे भावना व नाती, तलवारींकडे विचार व संघर्ष, नाण्यांकडे पैसा, शरीर व घरदार, तर काठ्यांकडे उमेद व उद्योग, अशी वाटणी रूढ आहे. उरलेल्या २२ पत्त्यांना मेजर आर्काना, म्हणजे मोठी रहस्ये, असे म्हणतात. मूर्ख, संन्यासी, मृत्यू, मनोरा, सूर्य अशी त्यांची स्वतंत्र नावे आहेत.

ही ‘रहस्ये’ मूळची खेळातली आहेत. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलान आणि फेरारा येथील दरबारांत, हात करण्याच्या खेळासाठी नेहमीच्या चार गटांना हे पत्ते जोडले गेले आणि मूर्खाचा अपवाद वगळता उरलेले २१ पत्ते कायमचे हुकूम ठरले. चार गटांच्या खुणा त्याहून जुन्या असून इजिप्तच्या मामलुक राजवटीतील पत्त्यांवरून त्या युरोपात पोहोचल्या. त्या पत्त्यांचा एक देखणा संच इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात आहे. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा, दहा गटांची आणि १२० गोल पत्त्यांची, पाहिलेल्या वाचकाला खेळाच्या पत्त्यांवर देव, राजे आणि प्रधान कसे नांदतात हे वेगळे सांगावे लागणार नाही.

टॅरो म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचे ज्ञान, हा आजही सांगितला जाणारा समज १७८१ साली आंत्वान कूर द जेब्लँ या फ्रेंच लेखकाने मांडला. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी युरोपात कोणालाही वाचता येत नव्हती; शांपोल्यॉंने तिचा उलगडा केला तो १८२२ मध्ये. नवशिक्याने हा समज सोडून दिल्यास त्याचे काहीच नुकसान होत नाही, उलट पत्त्यांचा खरा इतिहास अधिक रंजक आहे.

आजच्या नवशिक्याचा खरा आधार म्हणजे १९०९ साली लंडनच्या रायडर प्रकाशनाने काढलेला संच. त्याची कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची होती, तर चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची. तोपर्यंतच्या बहुतेक संचांत लहान पत्त्यांवर तेवढ्या खुणाच असत. स्मिथ यांनी मात्र प्रत्येक पत्त्यावर माणसे, आकाश, घरे, प्रसंग रेखाटले. त्यांना रंगभूमीचा अनुभव होता आणि तो पत्त्यांवरील माणसांच्या उभे राहण्यात, मान वळवण्यात दिसतो. संच दीर्घकाळ प्रकाशक आणि वेट यांच्याच नावाने ओळखला गेला आणि १९५१ मध्ये स्मिथ यांचे निधन झाले ते हलाखीत. हा अन्याय अलीकडे त्यांचे नाव जोडून थोडाफार दूर होत आहे.

पेल्यांची पंजी उदाहरणादाखल घ्यावी. करड्या आकाशाखाली काळ्या झग्यातील एक व्यक्ती मान खाली घालून उभी आहे. तिच्यासमोर तीन पेले कलंडले आहेत आणि त्यांतील द्रव जमिनीवर सांडला आहे. पाठीमागे दोन पेले शाबूत उभे आहेत, पण तिची नजर तिकडे नाही. पलीकडे नदी वाहते, नदीवर पूल आहे आणि पैलतीरावर एक गढी दिसते. पुस्तिकेत या पत्त्यासमोर ‘हानी, शोक’ असे लिहिलेले असते आणि ते चूक नाही. परंतु शाबूत पेले, पूल आणि न वळलेली मान ज्याने पाहिली त्याला शोकाबरोबरच शोकापायी काय नजरेआड झाले हेही विचारता येते, आणि वाचनाचा खरा प्रारंभ त्या प्रश्नापासून होतो.

म्हणून आरंभी रोज एकच पत्ता काढावा, पुस्तिका न उघडता त्याचे वर्णन लिहावे आणि मगच रूढ अर्थ पाहावा. हात बसल्यावर तीन पत्त्यांची मांडणी घ्यावी, ज्यात परिस्थिती, अडथळा आणि पुढची वाट अशा जागा आधी ठरवलेल्या असतात. वेट यांनी प्रसिद्ध केलेली दहा पत्त्यांची ‘केल्टिक क्रॉस’ मांडणी आणि उलट्या पत्त्यांचे वाचन ही दोन्ही नंतरसाठी ठेवलेली बरी.

पत्ते भविष्य सांगतात याला पुरावा नाही, आणि हे शिकतानाच स्पष्ट असावे. वाचन अचूक वाटण्यामागे काय असते याचा एक धागा १९४८ मधील बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात मिळतो: त्यांनी ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाचे खास स्वभाववर्णन म्हणून एकच मजकूर दिला आणि विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मोघम वाक्य ऐकणारा स्वतःच्या आयुष्याने भरून घेतो. दुसऱ्यासाठी पत्ते मांडणाऱ्याच्या हाती त्यामुळे मोठी सत्ता येते. आजार, कोर्टकचेरी आणि गुंतवणूक यांविषयीचे प्रश्न त्याने स्वीकारूच नयेत. ‘लग्न कधी होईल’ असे कोणी विचारल्यास ‘या नात्यातून तुम्हाला काय हवे आहे’ असा प्रश्न समोर ठेवून मगच पत्ते पिसावेत, आणि वाचनानंतर आपण काय बोललो ते तारखेसह वहीत उतरवून ठेवावे, चुकलेल्या अंदाजांसह.